एका सहीची किंमत

कोट जाड घाला, कानटोपीही असू द्या. 3 डिसेंबर 1921, शनिवारची दुपार आहे आणि टोरांटोच्या ब्लूर स्ट्रीटवर तुम्ही ट्राममधून उतरता आहात. या शहराच्या ट्राम सप्टेंबरमध्येच खासगी कंपनीच्या हातून नगराच्या ताब्यात आल्या आहेत. प्रांतात दारूबंदी आहे. तरी गर्दीतल्या काही कोटांचे आतले खिसे जरा जास्तच फुगलेले दिसतात. तिकडे पाहू नका. सगळे चाललेत तसे वार्सिटी स्टेडियमकडे चला.

मैदान टोरांटो विद्यापीठाचं आहे. याच विद्यापीठाच्या एका इमारतीत बँटिंग आणि बेस्ट हे दोन तरुण कुत्र्यांवर प्रयोग करताहेत. त्यातून येणारं इन्सुलिन पुढच्याच महिन्यात पहिल्यांदा एका मुलाला टोचलं जाईल. तुम्हाला हे ठाऊक आहे, शेजारी बसलेल्या गृहस्थांना नाही. त्यांचा सगळा जीव आजच्या सामन्यात अडकलेला आहे. कॅनडाच्या फुटबॉलमधल्या ग्रे कपसाठी देशाच्या पश्चिमेचा संघ पूर्वेच्या संघाशी पहिल्यांदाच भिडतो आहे. पाहुणे आहेत एडमंटन एस्किमोज. हे नाव पुढे अवमानकारक ठरेल आणि 2020 मध्ये संघ ते टाकून देईल. पण ते शतकाच्या पलीकडचं. आज ते प्रेअरी तुडवत, दिवसचे दिवस रेल्वेत काढून इथे पोचलेत आणि साडेनऊ हजारांच्या आसपास माणसं त्यांना पाहायला जमली आहेत.

फुटबॉल म्हटल्यावर डोळ्यांसमोर आलेला गोल चेंडू बाजूला ठेवा. हा चेंडू लांबट आहे आणि तो पायापेक्षा हातात जास्त असतो. इथली माणसं या खेळाला अजून सर्रास रग्बीच म्हणतात, कारण तो रग्बीच्याच पोटी जन्मला. तीन प्रयत्नांत दहा यार्ड सरकायचं, जमलं तर पुढचे तीन प्रयत्न, नाही तर चेंडू समोरच्यांकडे. चेंडू घेऊन गोलरेषा ओलांडली की टचडाउन, त्याचे 5 गुण. चेंडू लाथाडून समोरच्याच्या टोकाच्या पट्ट्यात घातला आणि त्याला तो तिथून बाहेर काढता आला नाही, तर 1 गुण. यंदाच संघातल्या खेळाडूंची संख्या 14 वरून 12 वर आली आहे, त्यामुळे मैदानावर थोडी मोकळी जागा झाली आहे. चेंडू हाताने पुढे फेकणं मात्र नियमबाह्य. तो बाजूला किंवा मागेच द्यायचा. थोडक्यात, कबड्डीत चढाईला गेलेल्या गड्याची जी अवस्था, तीच इथे चेंडू हातात असलेल्याची. बारा जण त्याच्यावर तुटून पडणार आणि सुटका त्याने स्वतःच्या कमरेने, खांद्याने आणि डोक्याने करून घ्यायची.

आता यजमान टोरांटो आर्गोनॉट्सकडे बघा. संघ मूळ एका नौकानयन क्लबाचा, म्हणून अंगावर ऑक्सफर्डचा गडद आणि केंब्रिजचा फिका असे दोन निळे रंग. त्यांच्यातला तो रुंद खांद्यांचा, हरणासारखा नव्हे तर मालगाडीसारखा धावणारा पोरगा दिसला? तोच लायनेल कोनाकर. वय एकवीसच्या घरात. या हंगामात संघ एकही सामना हरलेला नाही. सहा सामन्यांत संघाने केलेल्या 167 गुणांपैकी 85 एकट्या कोनाकरचे आणि टचडाउन 14.

सामना सुरू होतो. कोनाकरकडे चेंडू येतो आणि तो सरळ मधोमध न घुसता कडेकडेने पळू लागतो. शेजारून हॅरी बॅटस्टन नावाचा चपळ गडी समांतर धावतो आहे. एडमंटनचे दोघे कोनाकरवर झेप घेतात आणि ते अंगाला भिडायच्या आत चेंडू बॅटस्टनच्या हातात गेलेला असतो. पुढच्या खेपेला कोनाकर चेंडू देईल अशा बेताने बचाव करणारे बॅटस्टनकडे वळतात, तेव्हा तो देतच नाही. ज्या खेळात चेंडू पुढे फेकता येत नाही, तिथे फसवणुकीची जागा एवढीच. फेकायचा की ठेवायचा, हे शेवटच्या पावलापर्यंत कळू द्यायचं नाही. वाट अडली तर कोनाकर उंच, लांब लाथ मारतो आणि सगळा खेळ चाळीस-पन्नास यार्ड पलीकडे नेऊन ठेवतो. धावणं, चेंडू देणं, लाथ मारणं आणि समोरच्याला लोळवणं ही चारही कामं तो करतो आहे. संघात बारा जण आहेत, पण तुमची नजर अकरा जणांवरून घसरून पुन्हा त्याच्यावर येते.

तिसरं सत्र संपतं तोवर त्याच्या नावावर 15 गुण लागलेले असतात. त्यांत टचडाउन दोन, उरलेले पाच पायाने. आणि मग तुम्ही डोळे चोळता, कारण तो मैदानाबाहेर चालू लागला आहे. लंगडत नाही, कुठे रक्तही दिसत नाही.

"कुठे निघाला हा?" तुम्ही शेजारच्या गृहस्थांना विचारता.

"हॉकीचा सामना आहे ना त्याचा," ते अशा सुरात सांगतात, की जणू कोणी शेतावर डबा द्यायला निघालं आहे.

देशातल्या सर्वांत मोठ्या सामन्याचं चौथं सत्र तो खेळत नाही. निकाल 23-0. ग्रे कपच्या इतिहासात पराभूत संघाला एकही गुण न मिळण्याची ही पहिली वेळ. टाळ्या वाजतात तेव्हा ज्याच्यासाठी वाजतात तो बहुधा दुसरीकडे कुठेतरी स्केटच्या नाड्या आवळतो आहे.

तुम्हाला वाटतं, काय ही हौस! सगळेच खेळ खेळायचे, सगळीकडे पळायचं. थांबा, एवढ्यात मत बनवू नका. आणखी नऊ वर्षं मागे जाऊ.

1912. शहराच्या डॅव्हनपोर्ट भागातली गरीब वस्ती. बेन कोनाकर घोडागाडी हाकून पोट भरतो. हिवाळ्यात तीच घोडी जुंपून तो स्केटिंगच्या मैदानांवरचा बर्फ खरवडतो. पुढे घरातली मुलं दहा होतील. मुलग्यांत थोरला लायनेल. त्याचं मधलं नाव प्रिटोरिया. बोअर युद्धात ब्रिटिश फौजा ज्या शहरात शिरल्या त्याचं हे नाव. त्या काळी साम्राज्याच्या बातम्या अशा पाळण्यापर्यंत येत. आठवीनंतर शाळा सुटते आणि पोरगा मजुरीला लागतो. मुळांसकट कापलेल्या हिरवळीच्या पट्ट्या उचलायच्या आणि श्रीमंतांच्या अंगणात अंथरायला वाहून न्यायच्या. दिवसाचे दहा तास, आठवड्याचे सहा दिवस, मजुरी तुटपुंजी. त्याच्या मागून चालून बघा. ओली माती धरलेली हिरवळ किती जड असते ते पाच मिनिटांत खांद्याला कळेल.

या वस्तीतल्या मुलांना वाया जाण्यापासून वाचवायचं तर मैदानावर दमवलं पाहिजे, असं जेसी केचम शाळेच्या मुख्याध्यापकांचं मत होतं. लायनेलला ते पटायला वेळ लागला नसावा. बाराव्या वर्षी तो कॅपिटल रग्बी क्लबात शिरतो आणि 1912 ते 1915 ही चार वर्षं संघ शहराचा विजेता ठरतो. सोळाव्या वर्षी कुस्तीत तो 125 पौंडी गटाचं प्रांतिक विजेतेपद घेतो. विसाव्या वर्षी मुष्टियुद्धात लाइट हेवीवेट गटाचा देशाचा हौशी विजेता होतो. पुढे जगज्जेत्या जॅक डेम्प्सीबरोबर प्रदर्शनी लढतीत उभा राहण्याइतकी त्याची मजल जाते. लॅक्रॉस आणि बेसबॉल उन्हाळ्यात चालूच. या देशात पोरं चालायच्या आधी स्केटवर उभी राहतात असं म्हणायची रीत आहे. त्याच देशात हा मात्र पायांत स्केट घालतो तो सोळाव्या वर्षी. स्केटला पैसे पडतात. चेंडूमागे पळायला पडत नाहीत.

आता त्या हौशीकडे पुन्हा बघा. त्याला दिसत होतं की या वस्तीतून बाहेर पडायची वाट मैदानावरून जाते. कोणत्या मैदानावरून, ते सांगता येत नव्हतं. म्हणून त्याने सगळीच दारं ठोठावून ठेवली.

मग एक दार उघडतं. 1920 मध्ये टोरांटो सेंट पॅट्रिक्स हा हॉकीचा व्यावसायिक संघ त्याला हंगामाला 3,000 डॉलर देऊ करतो. पुढच्या वर्षी मॉन्ट्रियल कॅनेडियन्स 5,000 म्हणतात. कालपर्यंत तुटपुंजी मजुरी मिळवणारा मुलगा दोन्ही वेळा नाही म्हणतो.

का, ते समजायचं तर तुम्हाला या काळाची जात-पंचायत ओळखावी लागेल. तिचं नाव हौशीपण. नियम असा, की एका खेळात पैसे घेतलेत तर तुम्ही सगळ्याच खेळांत बाटलात. हॉकीच्या करारावर सही केली की फुटबॉल गेलं, लॅक्रॉस गेलं, हौशी बेसबॉल आणि मुष्टियुद्धही गेलं. ग्रे कप तर मुळात हौशी संघांसाठीच दिलेला. गव्हर्नर जनरल अर्ल ग्रे यांनी 1909 मध्ये दिलेल्या त्या चांदीच्या कपाची किंमत होती 48 डॉलर. ज्यांच्या घरी पैसा होता त्यांना हा नियम सभ्यतेचं लक्षण वाटे. ज्यांच्या घरी नव्हता त्यांना तो सांगत असे, की खेळ किंवा भाकरी, काय ते एक निवडा.

तो निवड करेपर्यंत 1922 च्या उन्हाळ्यातला एक दिवस डोळे भरून पाहून घ्या. बेसबॉलच्या मैदानावर हिलक्रेस्ट संघाचा शहर-विजेतेपदाचा सामना शेवटच्या डावात अडकला आहे. कोनाकर बॅट फिरवतो, चेंडू दूर जातो, तो तिसऱ्या बेसपर्यंत पोचतो आणि सामना जिंकला जातो. लोक त्याला खांद्यावर घ्यायला धावतात. तुम्ही मात्र त्याच्या मागून गाडीत उडी मारा, कारण तो थांबणार नाही. गाडी शहर ओलांडते. दुसऱ्या टोकाला लॅक्रॉसचा सामना चालू आहे आणि त्याचा मेटलंड्स संघ 3-0 ने मागे पडला आहे. कोनाकर जाळीची काठी हातात घेऊन उतरतो, चार गोल करतो, पाचव्याला हात लावतो. 5-3. एका दिवसात दोन विजेतेपदं आणि मिळकत शून्य. हौशीपणाची शान एवढीच.

त्याच साली शरद ऋतूत तो आर्गोनॉट्सचा कर्णधार आहे. संघ पुन्हा आपल्या गटात अपराजित राहतो आणि पूर्व विभागाच्या अंतिम सामन्यात क्वीन्स विद्यापीठासमोर उभा ठाकतो. क्वीन्सकडून खेळतोय कोण, तर हॅरी बॅटस्टन. गेल्या वर्षी समांतर धावणारा सोबती यंदा समोर आहे, आणि कोनाकर चेंडू कधी सोडतो, कधी ठेवतो हे बॅटस्टनइतकं दुसऱ्या कोणाला ठाऊक असणार? कोनाकर दिवसभर धावतो. क्वीन्स जिंकतं 12-11. मग त्यांचा संघ 1922, 1923 आणि 1924 असे तीन ग्रे कप ओळीने नेतो. बॅटस्टन विद्यापीठात शिकत शिकत खेळतो आहे, त्याच्या हौशीपणाला धक्का नाही. आठवीत शाळा सुटलेल्या कोनाकरला ही वाट नाही.

म्हणून तो सीमा ओलांडतो. 1923 मध्ये पिट्सबर्गचा यलो जॅकेट्स हा हौशी हॉकी संघ त्याला बोलावतो. त्याबरोबर शिक्षणाचीही सोय होते. आधी बेलफॉन्टची शाळा, मग ड्युकेन विद्यापीठ. दोघांच्याही फुटबॉल संघांना तो हवाच असतो. वयाच्या पंचविशीकडे निघालेला, नाक मोडून घेतलेला हा गडी पुन्हा बाकावर बसतो. वर्गाच्या दारातून क्षणभर डोकावून जा. इकडे यलो जॅकेट्स संघ 1924 आणि 1925 अशी लागोपाठ दोन वर्षं अमेरिकेचं हौशी हॉकीचं विजेतेपद जिंकतो.

1925 च्या नोव्हेंबरमध्ये तोच संघ पिट्सबर्ग पायरेट्स या नावाने नॅशनल हॉकी लीगमध्ये दाखल होतो. आता कागद समोर आहे. त्याच्या खांद्यावरून वाकून बघा. टाक दौतीत बुडतो, नाव लिहिलं जातं. पायरेट्सचा लीगमधला पहिलावहिला गोल कोनाकरच करतो. सगळे त्या गोलाबद्दल बोलतात. तुम्ही एकटेच असे आहात, ज्याला टोरांटोच्या मैदानावरचं दार लागल्याचा आवाज ऐकू येतो. मोठ्या पातळीवर तो कॅनडात फुटबॉल खेळला ते 1920, 1921 आणि 1922 असे फक्त तीन हंगाम.

पुढची वर्षं झरझर जातील, आधाराला काहीतरी धरून ठेवा. न्यूयॉर्क अमेरिकन्स संघ, ज्याचा मालक बिल ड्वायर चोरट्या दारूचा बडा व्यापारी. त्याच्या सावलीत कोनाकर स्वतःही प्यायला लागतो आणि पहिलं मूल झाल्यावर बाटली कायमची खाली ठेवतो. 1929-30 च्या हंगामात त्याच संघाचा तो खेळाडूही आहे आणि प्रशिक्षकही. संघ गटात तळाला जातो. स्वतः जे अंगाने करता येतं ते दुसऱ्याला शब्दांनी शिकवताना भल्याभल्यांची जीभ अडते. मग मॉन्ट्रियल मरून्स. मग 1934 मध्ये शिकागो ब्लॅक हॉक्सबरोबर हॉकीतला सर्वोच्च स्टॅन्ली कप आणि लगेच 1935 मध्ये पुन्हा मरून्सबरोबर दुसरा. स्केटवर तो कधीच डौलदार नव्हता. उशिरा शिकल्याचं शेवटपर्यंत दिसायचं. म्हणून त्याने बचावाची जागा धरली आणि येणारा चेंडू, म्हणजे ती रबराची चकती, गुडघे टेकून अंगावर घ्यायला सुरुवात केली. नाक आठ वेळा मोडलं म्हणतात. ग्रे कप आणि स्टॅन्ली कप दोन्ही जिंकलेली माणसं बोटांवर मोजण्याइतकी. त्यांतला हा एक.

पण 1933 मध्ये जरा थांबा. मंदीची वर्षं आहेत. हौशीपणाच्या पंचायतीने फुटबॉलचं दार लावलं, तर कोनाकर शेजारी दुसरं दार बांधायला घेतो. तो फुटबॉलचा व्यावसायिक संघ उभा करतो, कॅनडातला पहिला. लोणची-मुरंबे विकणारी क्रॉस अँड ब्लॅकवेल कंपनी पाठीशी आहे, म्हणून संघाचं नाव शेफ्स. स्वयंपाकी! नाव ऐकून तुम्हाला हसू येईल, पण प्रशिक्षक म्हणून उभ्या असलेल्या कोनाकरकडे नीट पाहा. तो खेळतोही आहे. वय तिशी ओलांडलेलं, वर्षभर हॉकीने ठेचून काढलेलं शरीर, तरी तो तीच जुनी कडेची धाव घेतो. कॅनडात भिडायला दुसरा व्यावसायिक संघच नाही. त्यामुळे रॉचेस्टरसारख्या अमेरिकी शहरांतून प्रतिस्पर्धी आणावे लागतात. पण ज्या विचाराने तो हे करतो आहे तो टिकला. फुटबॉल खेळून घर चालवावं, त्यात लाजण्यासारखं काही नाही, हा तो विचार. आज कॅनडातला व्यावसायिक फुटबॉलपटू उघडपणे पगार घेतो आणि ग्रे कपही जिंकतो.

1937 मध्ये तो हॉकीतून निवृत्त होतो आणि त्याच वर्षी ब्रेकनडेल मतदारसंघातून प्रांतिक विधानसभेत जातो. 1949 मध्ये टोरांटोच्या ट्रिनिटीमधून लिबरल पक्षाचा खासदार होतो. 1950 मध्ये देशभरच्या क्रीडा पत्रकारांचा कौल निघतो आणि अर्धशतकातला सर्वश्रेष्ठ कॅनेडियन खेळाडू म्हणून त्याचं नाव येतं. अर्धशतकातला सर्वश्रेष्ठ फुटबॉलपटू म्हणूनही त्याचंच. तीन हंगाम, आठवतं ना? बारा वर्षं हॉकी खेळून जी सर्वोच्च जागा त्याला त्या खेळात मिळाली नाही, ती तीन हंगामांच्या फुटबॉलने दिली.

शेवटचा थांबा. कोट काढून हातावर घ्या, इथे ऊन आहे. 26 मे 1954, ओटावा. संसदेसमोरच्या हिरवळीवर खासदार आणि पत्रकार यांच्यात सॉफ्टबॉलचा सामना चालला आहे. बाह्या दुमडलेले पुढारी, पोटं सावरत पळणारे बातमीदार, हशा. वाढदिवस होऊन दोनच दिवस झालेला कोनाकर बॅट घेऊन उभा राहतो. तुम्ही उभे आहात तिथून त्याचा तो जाडजूड, आडवातिडवा झालेला चेहरा दिसतो. खांदे अजून तसेच आहेत.

फटका लांब बसतो. पहिला बेस, दुसरा. इथे थांबला तरी चालणार आहे. कोणी त्याला पळ म्हणत नाही. पण अशा वेळी दुसऱ्या बेसवर थांबायची त्याला सवयच नाही. 1922 च्या उन्हाळ्यात तो हिलक्रेस्टसाठी जसा पळाला होता तसाच तो तिसऱ्याकडे पळतो. तिथे पोचतो आणि कोसळतो. हृदयविकार. काही वेळाने सगळे टोप्या हातात घेऊन उभे असतात.

तुम्ही ज्या हिरवळीवर उभे आहात तिच्याकडे बघा. लहानपणी त्याने वाहिली तशीच, कोणीतरी खांद्यावरून आणून अंथरलेली. मग सामन्याच्या कागदावरच्या यादीकडे बघा. पंच नेमलेत, खेळाडूंची नावं आहेत, धावांना रकाने आहेत. कोणी कधी कुठल्या करारावर सही केली होती, हा रकाना तेवढा नाही. जवळपास तीस वर्षांनी तो पुन्हा हौशी खेळाडू म्हणून मैदानात उतरला होता, आणि या वेळी त्याच्याकडे दाखला कोणी मागितला नव्हता.